जुन्या लांकडी कॅमेऱ्यांची नवी झिलई

पोथ्या, बखरी व दप्तरें यांच्या संशोधनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत लांकडी कॅमेऱ्यावर कोणतें रोगण चढवावें याची चर्चा आलेली पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु हा विषय वाटतो तितका परका नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालीं झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या प्रारंभींच्या काळांतील एक नामांकित छायाचित्रकार. तेव्हांपासून पुढें पाऊणशें वर्षें लेणीं, देवळें, ताम्रपट व पोथ्यांचीं पानें यांचीं जीं छायाचित्रें निघालीं, आणि ज्यांवर आपण आजहि विसंबून राहतों, त्यांतील बहुतेक महॉगनीच्या नाहीं तर सागवानाच्या पेट्यांतून उतरलेलीं आहेत. मूळ पोथी गहाळ झाली आणि तिची कांच तेवढी उरली, असें अनेकदां घडतें. अशा वेळीं ती कांच ज्या पेटींत घेतली गेली, ती पेटी त्या प्रतीची लेखनिकच ठरते. लेखनिकाच्या संवयी ठाऊक असल्यावांचून त्याच्या प्रतीचें मोल ठरवितां येत नाहीं, हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको.

गेल्या हिवाळ्यांत एका खासगी संग्रहांतील, नुकतेच दुरुस्त करून मांडलेले तीन कॅमेरे आम्हांस निवांतपणें पाहावयास मिळाले. मालकांचीं व कारागिरांचीं नांवें आम्ही देत नाहीं. आमचा वाद पद्धतीशीं आहे, व्यक्तींशीं नाहीं. तिन्ही हाफ-प्लेट मापाचे, म्हणजे पावणेपांच इंच बाय साडेसहा इंच कांचेचे, इंग्रजी घडणीचे घडीचे कॅमेरे. ज्यांनीं असा कॅमेरा हातीं धरलेला नाहीं त्यांच्यासाठीं इतकें सांगितलें पाहिजे कीं, त्याच्या तळपाटावर एक चौकट दांतेरी पट्टीच्या साहाय्यानें पुढें-मागें सरकते. पुढल्या चौकटींत भिंग बसतें. मागल्या चौकटींत प्रथम घासलेली कांच व नंतर तिच्या जागीं प्लेटची पेटी बसते. आणि दोहोंच्या मध्यें चामड्याचा भाता असतो. लांकडें सरसानें सांधलेलीं, सांध्यांना व बिजागरांना पितळ, आणि बाहेरून लाखेची झिलई. लंडनच्या जॉर्ज हेअर यानें १८८२ सालीं काढलेली घडण पुढें अनेक कारखान्यांनीं उचलली. १८९५ सालीं आपल्या कॅमेऱ्याचें पेटंट घेणारा केंब्रिजचा फ्रेडरिक सँडरसन हा तर व्यवसायानें लांकडी सामान घडविणारा कारागीर होता. तात्पर्य, हें काम उत्तम सुताराचें आहे, आणि त्यावरची झिलई ही त्या काळीं उंची टेबल-कपाटांस लावीत त्याच जातीची आहे.

पहिला कॅमेरा दुरूनच डोळे दिपवितो. त्यावर पॉलियुरेथेनचे निदान चार हात दिलेले असावेत. पॉलियुरेथेन हें द्रव्य ऑटो बायर या जर्मन रसायनज्ञाच्या १९३७ सालच्या संशोधनांतून निघालें. १८९० च्या सुमाराच्या लांकडावर तें दिसणें म्हणजे शिवकालीन पत्रांत ‘आगगाडी’ हा शब्द आढळण्यासारखें आहे. पत्र बनावट आहे असें कोणी म्हणणार नाहीं, परंतु त्याला कोणाचा तरी हात लागला हें लपत नाहीं. द्रव्य वाईट आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पाणी, स्पिरिट, गरम पेल्याचें बूड, यांपैकीं कशालाहि तें जुमानीत नाहीं. जेवणाच्या टेबलास तें उत्तमच. दोष आहे तो त्याच्या या हट्टींतच. एकदां वाळलें कीं तें ज्यांत कालविलें होतें त्यांत पुन्हां विरघळत नाहीं. उद्यां तें काढावयाचें म्हटलें तर खरवडावें लागतें, किंवा जालीम औषधें लावून फुगवावें लागतें; त्या खटपटींत लांकडाचा जुना रंग निघून जातो आणि सरसाचे सांधेहि धोक्यांत येतात.

शिवाय या थरांना जाडी असते. तीन-चार हात मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका थर सहज चढतो. टेबलास त्याचें कांहीं नाहीं. पण जेथें एक लांकूड दुसऱ्याच्या खोबणींत सरकावयाचें, तेथें जीभ व खोबण यांच्या चारी अंगांनीं तोच थर मोजावा लागतो. प्लेटची पेटी खोबणींत जाईना, तेव्हां मालकांनीं ती तळहातानें ठोकून बसविली. आमच्या अंगावर कांटा आला. एवढ्या जाडीनें चित्राची स्पष्टता बिघडते असें कांहीं जाणते सांगतात, तें आम्हांस अतिशयोक्त वाटतें. भिंगाचें छिद्र लहान केलें असतां इतकी तफावत खपून जाते. दोष द्यावयाचा तर खरा द्यावा.

खरा दोष रोगणाच्या आधींचा आहे. झिलई गुळगुळीत बसावी म्हणून सारें लांकूड कांचकागदानें घासून उघडें केलें होतें. कडा गोल झाल्या. कारखान्याचा ठसा अर्धा पुसला. तळपाटावरच्या, वापरानें पडलेल्या रेषा नाहींशा झाल्या. जुन्या पोथींत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासलेली असते. परंतु हरताळेखालचें अक्षर तिरप्या उजेडांत पुष्कळदां वाचतां तरी येतें. घासून गेलेलें लांकूड कोणत्या उजेडांत वाचावयाचें?

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या कारागिरानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं, आणि म्हणूनच त्याच्याशीं आमचा मतभेद अधिक महत्त्वाचा आहे. त्यानें लांकूड घासलें नाहीं, जुना थर राहूं दिला, आणि त्यावर सर्वत्र नवी लाख चढविली. आजच्या जाणत्या संग्राहकांचा कौल याच पद्धतीकडे आहे. त्यांचा युक्तिवाद असा: मूळची झिलई लाखेची, नवीहि लाखेची, म्हणून ती सजातीय, आणि लाख स्पिरिटानें विरघळते, म्हणून केलेलें काम केव्हांहि काढून टाकतां येईल. हा पूर्वपक्ष दिसतो तितका निर्दोष आहे काय, तें पाहिलें पाहिजे.

तत्पूर्वीं लाखेविषयीं दोन शब्द. इंग्लंडांतील कॅमेऱ्याची झिलई ही मूळची आपल्याकडची वस्तु आहे. कोसिंब, पळस, बोर यांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा वस्ती करितो व स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच रचितो, ती लाख. फांदीवरून खरवडून, धुवून, वितळवून तिचे पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडा होतो. गेल्या शतकांत छोटा नागपूरच्या पट्ट्यांतून तो जगभर जात असे, आणि रांचीजवळ नामकुम येथें त्यासाठीं १९२४ सालीं स्वतंत्र संशोधनसंस्था निघाली. लाक्षेचें नांव मात्र याहून फार जुनें. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत तिला उद्देशून एक सूक्त आहे, तेथें ती जखम भरून आणणारी वनस्पति म्हणून येते; आणि वारणावतांतील जतुगृह तर सर्वांस ठाऊक आहे. (पुरोचनानें हेंच द्रव्य कां निवडलें असावें, हें ज्यानें लाखेची कांडी दिव्यावर धरली आहे त्यास सांगावें लागत नाहीं. लाखेच्या झिलईचा कॅमेरा खिडकीच्या उन्हांत किंवा तापलेल्या दिव्याजवळ ठेवूं नये, एवढें व्यावहारिक ज्ञान या कथेपासून घ्यावयास हरकत नाहीं.) आपल्या पोथ्यांच्या काळ्या शाईंतहि लाख असे. ती पाण्यांत विरत नाहीं, पण टाकणखाराच्या उकळत्या पाण्यांत विरते. त्यांत काजळ खलून केलेली शाई पुसली जात नाहीं. म्हणजे आपल्या पोथींतलें अक्षर आणि त्या पोथीचें चित्र घेणाऱ्या पेटीची झिलई यांत एकच किडा राबलेला आहे.

आतां युक्तिवादाकडे वळूं. लाख स्पिरिटानें विरघळते हें खरें, आणि तिचें वैशिष्ट्यहि तेंच. पण याचाच दुसरा अर्थ असा कीं, नव्या लाखेंतलें स्पिरिट खालच्या जुन्या लाखेलाहि विरघळवितें. दोन थर दोन राहत नाहींत, एक होतात. टेबलें चकाकविणाऱ्या कारागिरास हाच मोठा गुण वाटतो, कारण डागडुजी दिसत नाहीं. संशोधकास हीच मोठी अडचण वाटली पाहिजे. उद्यां नवी लाख काढावयास स्पिरिटाचा बोळा फिरविला तर शंभर वर्षांची जुनीहि तिच्याबरोबर निघेल, आणि किती आपली व किती कारखान्याची हें सांगणारी खूण कोठेंच उरणार नाहीं. पॉलियुरेथेन हें दुसऱ्याच हस्ताक्षरांत, दुसऱ्याच शाईनें लिहिलेलें क्षेपक आहे. तें निदान ओळखूं येतें. जुन्या लाखेवरची नवी लाख हें त्याच लेखनिकाच्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल करून मध्येंच घातलेलें क्षेपक होय. यांपैकीं कोणतें अधिक भयंकर, हें ज्यांनीं पाठभेद लावण्यांत आयुष्य घालविलें आहे त्यांनींच सांगावें. ‘परत काढतां येतें’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं, कशापासून वेगळें काढतां येतें, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो दुसऱ्या कॅमेऱ्याच्या वेळीं विचारला गेला नाहीं असें आमचें मत आहे.

तर मग जुन्या झिलईचें करावें काय? आमचें उत्तर कित्येकांस बेचव वाटेल: शक्य तितकें कमी करावें. प्रथम कोठें तरी झांकलेल्या जागीं, उदाहरणार्थ पितळी पट्टीच्या खालीं, स्पिरिटाचा एक थेंब लावून पाहावा. जागा चिकट झाली तर झिलई लाखेची. पट्टी काढलीच आहे तर तेथलें लांकूडहि नीट न्याहाळावें, कारण उजेड व हात न लागलेला मूळचा रंग तेवढ्याच जागीं सांपडतो. नंतर मळ व जुनें मेण मिनरल टर्पेंटाइननें पुसून काढावें. त्यानें मेण निघतें, लाखेस धक्का लागत नाहीं. आणि मग मधमाशांचें मेण अगदीं पातळ लावून कापडानें घोटावें. मेणाची चमक मंद असते, त्याच्यावर आपल्याकडची धूळ बसते, दोन-चार वर्षांनीं तें पुसून पुन्हां लावावें लागतें, हीं तिन्ही गाऱ्हाणीं खरीं आहेत. परंतु मेण जेव्हां काढावयाचें तेव्हां जुन्या लाखेला सोडून एकटें निघतें. आमच्या मतें सारा निकाल या एका गुणावर लागतो.

लाख वापरूंच नये असें म्हणणें नाहीं. जेथें जुनी झिलई मुळींच उरलेली नाहीं, किंवा जेथें तुकडाच नवा बसविला आहे, तेथें लाखच योग्य. तिच्या तोडीचें दुसरें द्रव्य आम्हांस दिसत नाहीं. चपडा ताजा असावा. एक लिटर स्पिरिटास सुमारें २४० ग्रॅम हें मध्यम प्रमाण. बोळ्यानें चढवितांना आम्ही तें निम्म्यानें पातळ करितों. कालवून महिनोन्महिने ठेवलेली लाख नीट वाळत नाहीं, चिकट राहते. म्हणून आधीं कांचेवर थेंब टाकून पाहावा. आणि पावसाळ्यांत हें काम काढूंच नये, कारण दमट हवेंत थरावर पांढुरकी साय येते. कोंकणांतील एका मित्रानें श्रावणांत हट्टानें केलेलें काम आम्हीं पाहिलें आहे. कॅमेऱ्यास कोड फुटल्यासारखा दिसत होता.

पेटीच्या आंतल्या अंगाचा विचार वेगळा केला पाहिजे, आणि तो तिन्ही कारागिरांनीं कमी केला असें दिसलें. आंत चमक नको, काळोख हवा. यासाठीं जुनी कृति पुरेशी आहे: अगदीं पातळ लाखेंत भरपूर काजळी. लाख इतकी कमी कीं काजळी बोटास लागूं नये, आणि इतकी जास्त नको कीं काळ्यावर तकाकी यावी. सरकत्या कडांना कोणताच थर नको. कोरडें मेण घासलें म्हणजे झालें. प्लेटच्या पेटींत तर जवसाचें तेल किंवा तेलाचें रोगण चुकूनहि घालूं नये. डब्ल्यू. जे. रसेल या इंग्रज रसायनज्ञानें १८९७ पासून पुढें प्रयोग करून दाखविलें कीं, वाळणारीं तेलें, राळा व कित्येक लांकडें हीं अंधारांतहि प्लेटवर परिणाम करितात व ती काळवंडते. पहिल्या कॅमेऱ्याच्या प्लेटपेटींस आंतून जवसाच्या तेलाचा वास येत होता. तो आतां केवळ कपाटांत ठेवावयाचा, म्हणून चालेल असें उत्तर मिळालें. तें आम्हांस पटलें नाहीं. जें चालूं शकत नाहीं त्याला दुरुस्त म्हणूं नये.

तिसरा कॅमेरा सर्वांत चांगला. पुढली चौकट वाळवीनें खाल्ली होती. कारागिरानें ती जुन्या महॉगनीच्या फळींतून नवी घडविली, सरसानेंच सांधली, लाखेनें झिलई केली, आणि उरलेल्या जुन्या भागांस मेणाखेरीज कांहीं लावलें नाहीं. काम इतकें नेटकें कीं, आम्ही दोन वेळां हातांत घेऊनहि नवा भाग कोणता हें ओळखूं शकलों नाहीं. मालकांनीं हंसत हंसत दाखविलें. आमचा आक्षेप त्या हंसण्यावरच आहे. मालक आहेत तोंवर कोणी विचारील व ते सांगतील. त्यांच्या मागें?

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जेथें संपादकांनीं स्वीकारलेला पाठ सर्वस्वीं निश्चित नाहीं, तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ काढलेली आहे. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, आणि सबंध ग्रंथ १९६६ सालीं. ती रेघ वाचनांत अडथळा आणीत नाहीं, पृष्ठाची शोभाहि घालवीत नाहीं. पण वाचकास फसवीत नाहीं. नव्या चौकटीच्या आंतल्या बाजूस, सहज दिसणार नाहीं पण शोधणाऱ्यास सांपडेल अशा जागीं, वर्ष व ‘नवी’ एवढें कोरण्यास काय हरकत होती? आणि झिलईंतहि नव्या भागाची छटा किंचित् फिकी ठेवली असती, तर हातभर अंतरावरून एकजीव आणि वीतभर अंतरावरून वेगळी, अशी ती दिसली असती. हें आम्हीं मालकांस सांगितलें. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, मग कारागिराचें कौशल्य तें काय राहिलें? प्रश्न प्रामाणिक आहे. आमच्या मतें कौशल्य चौकट घडविण्यांत होतें, आणि तें तेथें पुरेपूर दिसतें. जुनेपणाचा आव आणण्यांत तें खर्चावयास नको होतें.

हें सारें आम्ही अधिकारानें बोलतों असा समज होऊं नये. अपराधी म्हणून बोलतों. आमच्या आजोबांचा असाच एक हाफ-प्लेट कॅमेरा होता, त्याला आठ इंची भिंग होतें. त्यांनीं त्यावर लीलावतीवरील एका टीकेच्या पोथीचीं पानें उतरविलीं; त्यांपैकीं सतरा कांचा आमच्याकडे आहेत. पोथी नंतर कोठें गेली, कळत नाहीं. कॅमेऱ्याच्या तळपाटावर शिसपेनीच्या दोन रेघा होत्या, एकीपाशीं ‘निम्मे’ व दुसरीपाशीं ‘पाऊण’ असें आजोबांच्या हातचें लिहिलेलें. लहानपणीं आम्ही तें रोज पाहत असूं आणि अर्थ विचारीत नसूं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं कॅमेरा फार मळका दिसूं लागला म्हणून आम्हींच तो एका सुताराकडे दिला आणि ‘नव्यासारखा करा’ असें सांगितलें. त्यानें सांगितलें तसें केलें. कांचकागद, मग चकचकीत रोगण. दोष त्याचा नाहीं.

अर्थ पुढें कळला. आठ इंची भिंगानें पान निम्म्या मापानें उतरवावयाचें तर भिंग प्लेटपासून बारा इंचांवर लागतें, पाऊण मापानें उतरवावयाचें तर चौदा इंचांवर. त्या दोन रेघा त्याच होत्या. कांचेवर पानाची लांबी सहा इंच भरते. तेव्हां मूळ पान बारा इंच लांब होतें कीं आठ इंच, हें आज सांगतां येत नाहीं. शेवटीं कोणती रेघ वापरांत होती, चौकट घासून कोणत्या जागेचें लांकूड अधिक झिजलें होतें, हें त्या तळपाटानें कदाचित् सांगितलें असतें. आतां तेथें आरशासारखें रोगण आहे आणि त्यांत आमचा चेहरा दिसतो.

तें रोगण काढण्याचा सल्ला पुष्कळांनीं दिला. आम्हीं तें तसेंच ठेवलें आहे, कारण त्याच्याखालीं वाचावयास कांहीं उरलेलें नाहीं आणि काढतांना सरसाचे सांधे मात्र जातील. तळपाटाच्या खालच्या बाजूस, काय होतें व कोणीं घालविलें, हें लिहिलेली चिठी आम्हीं डकविली आहे. पोथीचें पान नऊ ओळींचें, दोन्ही बाजूंस दुहेरी तांबडा समास, पत्रांक उजव्या समासांत खालीं. टीका बारीक अक्षरांत वर व खालीं, मूळ मध्यें. ज्या संग्राहकांकडे अशीं सुटीं पानें असतील त्यांनीं, पान आठ इंच भरतें कीं बारा, एवढें मोजून या त्रैमासिकाच्या संपादकांकडे कळवावें. सतरा कांचांचे ठसे आम्ही त्यांच्या स्वाधीन केले आहेत.